कर्नल हेंडरसन : लढवय्यांचा शिक्षक

लढाईचें नांव आणि सन पाठ केला म्हणजे ती लढाई समजली, असें आपणांपैकीं पुष्कळांस वाटतें. जॉर्ज फ्रान्सिस रॉबर्ट हेंडरसन या इंग्रज सेनाधिकाऱ्याचें चरित्र वाचल्यावर हा समज टिकत नाहीं.

त्याचा जन्म १८५४ सालीं जर्सी बेटांत झाला. वडील लीड्स येथील शाळेचे मुख्याध्यापक होते. ऑक्सफर्ड येथें इतिहासाचा अभ्यास चालला असतां पदवी न घेतांच त्यानें सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयाची वाट धरली. १८७८ सालीं तो अधिकारी झाला, कांहीं काळ हिंदुस्थानांत राहिला, आणि १८८२ सालीं इजिप्तमध्यें तेल-एल-केबीरच्या लढाईंत लढला.

पुढें बर्म्युडा व हॅलिफॅक्स येथें नेमणूक असतांना त्यानें अमेरिकेंतील यादवी युद्धाचीं रणांगणें पायीं हिंडून पाहिलीं. डिसेंबर १८६२ मध्यें फ्रेडरिक्सबर्ग येथें उत्तरेच्या फौजेनें होड्यांचे पूल बांधून नदी ओलांडली, व उघड्या मैदानावरून टेकडीच्या पायथ्याच्या दगडी गडग्यावर हल्ल्यामागून हल्ले केले. एकहि गडग्यापर्यंत पोंचला नाहीं. नकाशावर तें मैदान बोटभर दिसतें. गडग्याशीं उभें राहून पाहणाऱ्यास मात्र इतकीं माणसें कां पडलीं तें निराळें सांगावें लागत नाहीं. या लढाईवर हेंडरसननें १८८६ सालीं पुस्तक छापलें, पण त्यावर आपलें नांव घातलें नाहीं. लॉर्ड वुल्झली यांनीं तरीहि लेखक हुडकून काढला! १८९० सालीं तो सँडहर्स्ट येथें शिक्षक, व १८९२ पासून कँबर्ली येथील स्टाफ कॉलेजांत अध्यापक झाला. पहिल्या महायुद्धांतील सेनापति हेग आणि ॲलन्बी हे तेथें त्याचे विद्यार्थी होते.

१८९८ सालीं त्याचें 'स्टोनवॉल जॅक्सन' हें दोन खंडांचें चरित्र प्रसिद्ध झालें. दक्षिणेच्या या सेनापतीनें १८६२ सालीं शेनान्डोआ खोऱ्यांत सुमारें १७,००० माणसांनिशीं आपल्याहून कितीतरी मोठ्या सैन्यांस झुलविलें. तें वर्णन वाचतांना पुस्तक खालीं ठेववत नाहीं. परंतु लेखक आपल्या नायकाच्या फारच प्रेमांत पडला आहे. दक्षिणेंत त्या वेळीं सुमारें ४० लक्ष गुलाम होते, आणि त्यांची बेडी कायम राहावी म्हणूनच तें राज्य लढत होतें. या गोष्टीचें ओझें चरित्रांत जाणवावें तितकें जाणवत नाहीं. दुसराहि एक आक्षेप आहे. जॅक्सन मे १८६३ मध्यें वारला, युद्ध १८६५ पर्यंत चाललें. तेव्हां ग्रँटनें केलेली खंदकांची, झिजवून मारणारी लढाई या पुस्तकाबाहेर राहिली, आणि १९१४ सालीं इंग्रज सेनापतींस नेमकी तीच लढावी लागली. हा दोष आम्हांस अर्धाच पटतो, कारण चरित्र नायकाबरोबरच संपावयाचें. पहिला मात्र पुरता पटतो.

१९०० सालीं लॉर्ड रॉबर्ट्स यांनीं त्यास दक्षिण आफ्रिकेंत शत्रूची बातमी काढण्याच्या खात्याचा प्रमुख नेमलें. थोड्याच काळांत प्रकृति ढांसळून त्यास परतावें लागलें. त्या युद्धाचा सरकारी इतिहास लिहिण्याचें काम त्यानें हातीं घेतलें होतें. पण ५ मार्च १९०३ रोजीं इजिप्तमध्यें अस्वान येथें त्याचा अंत झाला, आणि तो इतिहास दुसऱ्या लेखकाकडे गेला.