थांबणारं दुखणं

चि. मंदार,



छातीत अधूनमधून दुखतं, पण दोन-चार मिनिटांत आपोआप थांबतं, तेव्हा काळजीचं काही नसावं, असं तू लिहिलंस. तुझ्या दुखण्यापेक्षा त्यावरून तू काढलेला निष्कर्ष मला जास्त खटकला. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यावर जे दुखतं, त्याचा स्वभावच थांबण्याचा असतो. विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्याने 1768 साली लंडनमध्ये या दुखण्याचं वर्णन केलं. माणूस चालत असताना, विशेषतः चढावर आणि जेवण झाल्या झाल्या, छातीत कोंडल्यासारखं होतं, आणि तो उभा राहिला की सगळं नाहीसं होतं, असं ते वर्णन. कार्डिओग्राम तेव्हा नव्हता, आणि या दुखण्याचं मूळ हृदयाच्या धमन्यांत आहे हेही हेबर्डनला ठाऊक नव्हतं. रोग्याला काय करताना दुखतं आणि काय केल्यावर थांबतं, एवढंच त्याने नीट ऐकून घेतलं. त्याचं वर्णन आजही डॉक्टर शिकतात. दुखतं कुठे यापेक्षा ते कधी येतं आणि कशाने जातं याकडे लक्ष दे, हेच मला तुला सांगायचं आहे.

यामागचं कारण सरळ आहे. हृदय हाही एक स्नायूच, आणि त्याला स्वतःचं रक्त लागतं. ते पुरवणारी धमनी चरबीच्या थराने अरुंद झाली, तरी बसल्या जागी पुरेसं रक्त पोचतं. जिना चढताना, ओझं उचलताना, थंडीत भरभर चालताना किंवा संतापल्यावर मागणी वाढते, पुरवठा मात्र तेवढाच राहतो, आणि स्नायू तक्रार करतो. थांबलं की मागणी उतरते, तक्रारही मिटते. धमनी साधारण 70 टक्के आक्रसेपर्यंत बहुधा असं काही जाणवतही नाही. म्हणजे दुखणं मिटलं तरी अडथळा जिथल्या तिथे असतो.

जागेवर फार भरवसा ठेवता येत नाही, कारण हृदय आणि अन्ननलिका यांच्या वेदना मज्जारज्जूत जवळपास एकाच वाटेने पोचतात. म्हणून हृदयाचं दुखणं जबड्यात, खांद्यात, पाठीत किंवा पोटाच्या वरच्या भागात जाणवतं, आणि पित्ताची जळजळ ऐन छातीत. वेळेकडे पाहिलं की उलगडा होऊ लागतो. जेवून आडवं झाल्यावर जळजळ वर चढत असेल, तोंडात आंबट येत असेल, तर बोट अन्ननलिकेकडे जातं. एका जागी बोटाने दाबलं की दुखतं, कूस बदलताना किंवा हात वर करताना कळ येते, ते बहुधा बरगडीच्या सांध्याचं किंवा उसण भरल्याचं. दीर्घ श्वासाबरोबर टोचणारं दुखणं फुप्फुसाच्या आवरणाचं असू शकतं, आणि निजल्यावर वाढून पुढे वाकल्यावर कमी होणारं हृदयाच्या आवरणाचं. नागीण उठण्याआधी काही दिवस नुसतीच एका बाजूला आग होते, तेव्हा तर भले भले गोंधळतात. भीतीच्या झटक्यातही छाती आवळते, धडधडतं, हातापायांना मुंग्या येतात. ते दुखणं खोटं नसतं, आणि त्यावर उपचारही आहेत. छातीत दुखणाऱ्या कितीतरी जणांचं हृदय ठणठणीत निघतं, हेही तितकंच खरं.

यावर तू म्हणशील, ओवा खाल्ला, सोडा प्यायलो, ढेकर आली आणि बरं वाटलं, म्हणजे गॅसच. आपल्याकडे या गॅसवर फार माणसं विसंबून राहिली आहेत! सोडा पिण्यासाठी तू बसलास, आणि बसल्यानेच दुखणं थांबलं नसेल कशावरून? उलट फसगतही होते. जिभेखाली ठेवायच्या गोळीने हृदयाचं दुखणं थांबतं, तसं अन्ननलिकेचा पेटका आला असेल तर तोही सुटतो. नुसत्या उताऱ्यावरून निदान होत नाही ते यामुळे.

दुसरा आधार कार्डिओग्रामचा. दुखत नसताना स्वस्थ निजवून काढलेला कार्डिओग्राम श्रमाने दुखणाऱ्या जवळपास निम्म्या रुग्णांत निर्दोष येतो. दुखणं श्रमाचं असेल, तर डॉक्टरांना गरजेप्रमाणे ट्रेडमिल टेस्ट, इको किंवा धमन्यांचा सीटी स्कॅन ठरवू दे.

वयाचंही तसंच. 52 देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात पहिल्या झटक्याचं मध्यक वय दक्षिण आशियात 53, तर इतर देशांत जवळपास 59 आढळलं. तंबाखू, मधुमेह, रक्तदाब किंवा घरात लवकर झालेला हृदयविकार यांतलं काही असेल, तर चाळिशीच्या आतलं वयही ढाल होत नाही. आणि मधुमेह असलेल्यांना किंवा बायकांना कधी दुखण्याऐवजी नुसती धाप, घाम किंवा विलक्षण थकवा येतो, तेव्हा घरातल्या इतरांकडेही या नजरेने पाहा.

दुखणं कधी येतं आणि कशाने जातं याच्या नोंदी ठेव. नोंदी ठेवायच्या म्हटल्यावर मन सारखं तिथेच जाईल, असं तुला वाटेल. काहींचं जातंही. पण दिवसभर छाती चाचपत बसायला मी सांगत नाही. दुखलं त्या वेळी दोन ओळी लिही: काय करत होतास, किती वेळ टिकलं, कशाने गेलं, दाबल्यावर दुखलं का. डॉक्टरांसमोर बसल्यावर अर्धं विसरतं, आणि त्यांचं निम्मं काम याच उत्तरांवर चालतं.

एक बदल मात्र नोंदीची वाट पाहणारा नाही. पूर्वी दोन मजले चढल्यावर यायचं ते आता अर्ध्या मजल्यावर येऊ लागलं, वरचेवर येऊ लागलं, किंवा बसल्या-निजल्या येऊ लागलं, तर त्याच दिवशी रुग्णालयात जायचं. पंधरा-वीस मिनिटं थांबलंच नाही, घाम फुटला, श्वास लागला किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर 108 ला फोन करायचा. स्वतः गाडी चालवत निघायचं नाही, आणि सकाळपर्यंत थांबू म्हणायचं नाही.

आत्ता तसं काही नसेल, तरी याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घे, आणि काय म्हणाले ते मला कळव.

तुझी,
मावशी