काटकसरीची परसबाग



घरामागे जी मोकळी जागा असते तिला परस म्हणतात. त्या जागेत घरापुरता भाजीपाला लावला की तिची परसबाग होते. आता माघ महिना चालू आहे. वसंतपंचमी झाली. थंडी कमी होत आहे. उन्हाळी भाजी लावायची हीच वेळ आहे. पुष्कळ लोक म्हणतात, "पैसा नाही, पाणी नाही, बाग कशाची करता?" पण परसबागेला पैसा फार लागत नाही. वस्तू वेळच्या वेळी जपून ठेवाव्या लागतात. हे मी एक मोठी चूक करून शिकले. ती चूकही मी या लेखात सांगणार आहे.

आमची परसबाग न्हाणीच्या मागे आहे. ती १२ फूट लांब व ८ फूट रुंद आहे. म्हणजे १२ × ८ = ९६ चौरस फूट. आजी, आई आणि मी मिळून तिच्यात काम करतो. जड खणायचे असेल तर दादा मदतीला येतो.

१) जागा, माती आणि खत

भाजीला दिवसातून निदान ६ तास ऊन लागते. म्हणून मोठ्या झाडाच्या सावलीत वाफा करू नये. कुंपणाला तार विकत आणू नये. बाभळीच्या काटेरी फांद्या रोवल्या तरी शेळी आत येत नाही. कोंबड्या मात्र कुठूनही शिरतात. त्यासाठी आम्ही खालच्या बाजूला तुराट्या दाट बांधल्या आहेत.

जमीन खणून ८ दिवस उन्हात तापू द्यावी. मग खत मिसळावे. आम्ही ३ फूट खोल खड्डा केला आहे. त्यात पालापाचोळा, भाजीची देठे, कांद्याची साले, शेण असे थर टाकतो. अधूनमधून पाणी शिंपडतो. ३ ते ४ महिन्यांत त्याचे काळे, भुसभुशीत खत होते. त्याला मातीसारखा वास येतो. घाण वास आला तर खत कुजायचे राहिले असे समजावे. ओले शेण सरळ वाफ्यात टाकू नये. त्याने हुमणी आणि वाळवी लागते.

२) केव्हा काय लावावे

भेंडी : जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत. थंडी कडक असताना भेंडीचे बी रुजत नाही. बी रात्रभर पाण्यात भिजवावे आणि एकेक वीत अंतरावर लावावे. दीड महिन्यात भाजी सुरू होते.

गवार आणि चवळी : फेब्रुवारी व मार्च. ही शेंगांची झाडे आहेत. त्यांच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र घेतात, म्हणून जमीन सुधारते. झाड संपल्यावर उपटू नये, खोड कापून मुळे जमिनीतच ठेवावीत.

दोडका, कारले, दुधी, काकडी : जानेवारी व फेब्रुवारी. या वेलींसाठी आळे करावे. कारल्याचे बी टणक असते. ते पूर्ण एक दिवस भिजवावे. उशीर करू नये. ऊन कडक झाले की वेलांना नर फुले जास्त येतात आणि फळे कमी धरतात. मादी फुलामागे इवलेसे फळ असते, नर फुलामागे नसते. दोडक्याची पिवळी फुले संध्याकाळी उमलतात. तुम्ही दिवे लागायच्या वेळी जाऊन बघा.

अळू : न्हाणीच्या पाण्यावर बारा महिने येते. त्याचे बी आणायला लागत नाही. शेजारून एक कंद मागून आणावा.

३) बियांची परीक्षा

आपली परीक्षा असते तशी बियांचीही असते. १० बिया मोजून घ्याव्यात. ओल्या फडक्यात गुंडाळून उबदार जागी ठेवाव्यात. फडके वाळू देऊ नये. ५ ते ७ दिवसांनी उघडून किती बियांना मोड आला ते मोजावे. १० पैकी ८ ला मोड आला तर शेकडा ८० बी चांगले. १० पैकी ४ लाच आला तर बी दुप्पट टाकावे किंवा दुसरे आणावे. मोड आलेले बी फेकू नये. तेच हळूच जमिनीत लावावे, म्हणजे परीक्षाही होते आणि बीही वाया जात नाही.

दुकानातल्या पाकिटावर 'संकरित' असे लिहिलेले असेल तर त्या झाडाचे बी पुढच्या वर्षासाठी धरू नये. तशीच भाजी परत येत नाही. पाकिटातल्या रंगवलेल्या बियांना औषध लावलेले असते. ते हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.

४) माझी चूक

आमच्याकडे आजीचा दोडका होता. तो आखूड आणि फिकट हिरवा. त्याची भाजी गोडसर लागते. आजी लग्न होऊन आली तेव्हा तिने माहेराहून त्याचे बी पदरात बांधून आणले होते. दर वर्षी ती पहिल्या बहारातल्या एका चांगल्या दोडक्याला लाल दोरा बांधायची. दोरा बांधलेला दोडका कोणी तोडायचा नाही असा नियम होता. तो वेलावरच वाळायचा आणि हलवला की खुळखुळ्यासारखा वाजायचा. मग आजी बी काढून चांगले वाळवायची, राखेत घोळायची आणि गाडग्यात ठेवायची.

गेल्या उन्हाळ्यात आजीचे गुडघे दुखत होते. ती म्हणाली, "औंदा तू ठेव गं बी." मी बी काढले, पण नीट वाळवले नाही. मला खेळायला जायचे होते. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ती पिशवी मी पत्र्याखालच्या फळीवर ठेवली. पावसाळ्यात तिथेच पत्रा गळला. दिवाळीच्या झाडलोटीत पिशवी सापडली. आत सगळी बुरशी झाली होती.

मला वाटले, आता आजी रागावणार. पण आजी काही बोलली नाही. ओट्यावर बसून एक एक बी निवडायला लागली. ६ बिया बऱ्या निघाल्या. आम्ही त्यांची परीक्षा घेतली. एकालाही मोड आला नाही. तेव्हा आजी म्हणाली, "ऱ्हाऊ दे. माझ्या आईचं बी हुतं ते." त्या रात्री मला जेवण गेले नाही.

५) पाण्याची काटकसर

आमच्या घरात ५ माणसे आहेत. प्रत्येकाला अंघोळीला १ बादली, म्हणजे १५ लिटर पाणी लागते. ५ × १५ = ७५ लिटर पाणी रोज न्हाणीतून वाहून जात होते. आता ते विटांच्या तुकड्यांच्या आणि वाळूच्या खड्ड्यातून गाळून वाफ्यात जाते. भांडी राखेने घासली तर ते पाणीही चालते. कपड्यांचे सोड्याचे पाणी मात्र भाजीला घालू नये. ते आम्ही कर्दळीला सोडतो.

मानेपाशी फुटलेला माठ टाकून देऊ नये. तो गळ्यापर्यंत जमिनीत पुरावा आणि पाण्याने भरावा. माठाला बारीक छिद्रे असतात. त्यांतून पाणी हळूहळू झिरपते आणि मुळांना मिळते. वर झाकण ठेवावे, नाहीतर डास होतात. झाडाच्या बुडाशी उसाचे पाचट किंवा पालापाचोळा पसरावा. त्याने ओल टिकते. पाणी सकाळी किंवा संध्याकाळी घालावे, भर उन्हात घालू नये.

आजी सांगते, १९७२ च्या दुष्काळात ती माझ्याएवढी होती. तिचे आईवडील खडी फोडायला जात. पोरांना सुकडी मिळायची. तेव्हा हात धुतलेले पाणीसुद्धा जनावरासाठी ठेवत. म्हणून आजी अजूनही पेल्यात उरलेले पाणी अळूला घालते. आधी मला हसू यायचे. आता येत नाही.

६) किडीचा बंदोबस्त

आमच्याकडे गॅस आहे, पण अंघोळीचे पाणी चुलीवर तापते. त्यामुळे राख मिळते. मावा किंवा तांबडे भुंगेरे दिसले की चाळलेली गार राख सकाळी दवात पानांवर उडवावी. पावसाळ्यात निंबोळ्या पडतात, तेव्हा त्या वेचून सावलीत वाळवून ठेवाव्यात. ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात. सकाळी फडक्यातून गाळावे व संध्याकाळी फवारावे. निंबोळ्या आषाढात फुकट मिळतात. फाल्गुनात शोधून मिळत नाहीत.

७) हिशेब

गेल्या उन्हाळ्यात मी वहीत हिशेब लिहिला होता. भेंडीचे बी २० रुपये आणि गवारीचे २० रुपये, एकूण खर्च ४० रुपये. भेंडी ९ आठवडे, दर आठवड्याला अर्धा किलो निघाली. म्हणजे साडेचार किलो. बाजारात भाव ६० रुपये किलो होता. ४.५ × ६० = २७० रुपये. २७० मधून ४० गेले, २३० रुपये वाचले. गवार, अळू आणि दोडका यात धरलेला नाही. पण खरे सांगायचे तर गवार पुरती हाती लागली नाही. मे महिन्यात टँकर आला तेव्हा आम्ही पाणी फक्त भेंडीला दिले.

८) वाण परत आले

संक्रांतीनंतर रथसप्तमीपर्यंत बायका हळदीकुंकू करतात आणि एकमेकींना वाण देतात. बियांच्या जातीलाही वाणच म्हणतात. आजी काही वर्षे हळदीकुंकवाला बियांच्या पुरचुंड्या द्यायची. यंदा आमच्या घरी हळदीकुंकू झाले तेव्हा आईने सगळ्यांना विचारले, "सासूबाईंच्या दोडक्याचं बी कुणाकडं आहे का हो?" खालच्या आळीतल्या काकू म्हणाल्या, "आहे की! तुमच्याच घरचं वाण ते. दोन-तीन वर्षं झाली, लावतोय आम्ही." दुसऱ्या दिवशी त्यांनी २० बिया आणून दिल्या. आजीने त्या हातात घेतल्या आणि काकूंना चहा घेतल्याशिवाय जाऊ दिले नाही.

आम्ही १० बियांची परीक्षा घेतली. ८ ला मोड आला. त्या आम्ही ४ आळ्यांत दोन दोन लावल्या. उरलेल्या १० आजीने ठेवून दिल्या. ती म्हणाली, "समदं बी एका दिशी पेरू न्हाई." काल सकाळी पहिल्या आळ्यात दोन कोंब वर आलेले दिसले. मी आजीला हाक मारली. ती काठी टेकत आली आणि बराच वेळ बघत बसली. लाल दोरा मी माझ्या दप्तरात ठेवला आहे.

गुरुजींनी परिपाठात आम्हाला राहीबाई पोपेरे यांची माहिती सांगितली. त्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोंभाळणे या गावी राहतात. त्या शाळेत गेल्या नाहीत, पण त्यांनी गावठी बियांची बँक उभी केली. त्यांना बीजमाता म्हणतात. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बँकेत पैसे ठेवतात तसे त्यांनी बी ठेवले. आमच्या काकूंनीही तेच केले असे मला वाटते.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. तुमच्या घरी जुने गावठी बी असेल तर थोडे शाळेत द्या. वर्गातल्या खिडकीत आम्ही काचेच्या बरण्या ठेवल्या आहेत. बी एकाच घरी ठेवले तर एका गळक्या पत्र्याने संपते. चार घरी दिले तर राहते.

लक्षात ठेवा

• बी खडखडीत वाळवूनच ठेवावे. बरणीवर नाव व वर्ष लिहावे.
• पहिल्या बहारातले चांगले फळ बियांसाठी राखावे.
• दुधी, दोडका किंवा काकडी कडूजहर लागली तर खाऊ नये आणि तिचे बीही धरू नये.
• बागेत काम झाल्यावर हात धुवावेत. खुरपे जागेवर ठेवावे.

सांगा पाहू

१) २० बियांपैकी १५ ला मोड आला, तर शेकडा किती?
२) तुमच्या घरी रोज किती लिटर पाणी न्हाणीतून वाहून जाते?
३) मादी फूल कसे ओळखाल?
४) तुमच्या आजीकडे कोणते बी आहे? आज घरी जाऊन विचारा.

(आजीने सांगितले, मी लिहिले. गुरुजींनी शुद्धलेखन तपासले.)

— इयत्ता ४ थी, हजेरी क्रमांक १७