हिवाळ्यातील शेतमुक्कामासाठी सुटे जनित्र कसे निवडावे

पौष लागून वालाच्या शेंगा भरल्या, म्हणजे आमच्या पनवेल तालुक्यात पोपटीचे दिवस सुरू होतात. भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, अंडी व मसाला लावलेली कोंबडी मडक्यात भरून ते पालथे घालतात व भोवती पेंढा पेटवितात, हे वाचकांस सांगावयास नको. खारघरच्या आसपास सिडकोच्या संपादनानंतर कित्येक खातेदारांपाशी मोठे क्षेत्र उरलेले नाही. तथापि जो तुकडा उरला आहे त्यावर थंडीत आप्तेष्टांस बोलावून रात्र काढण्याची हौस मात्र वाढलीच आहे. घाटावर हुरड्याच्या निमित्ताने हेच घडते. अशा ठिकाणी वीज नसते, सबब उचलून नेता येण्याजोगे जनित्र, म्हणजे ज्यास सर्वजण जनरेटर म्हणतात ते, घेण्याचा विचार पुष्कळांच्या मनात येतो. बैल घेताना चार बाजार फिरणारा शेतकरी हे यंत्र मात्र दुकानदार दाखवील ते घेऊन येतो, म्हणून हा लेख.

प्रथम हिशेब करावा. 50 वॉटचे चार एलईडी दिवे म्हणजे 200 वॉट. पाच-सहा मोबाइल व एक लहान ध्वनिवर्धक यांस आणखी 200 धरावे. एकूण 400 वॉट झाले. यास एक किलोवॉटचे यंत्र पुरून उरते. परंतु त्याच यंत्रावर टाकी भरण्याचा अर्ध्या अश्वशक्तीचा पंप चालवावयाचा असेल तर हिशेब बदलतो. असा पंप चालू असता सुमारे 600 वॉट घेतो, पण सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या तिप्पट किंवा अधिक ओढतो. म्हणून तेथे दोन किलोवॉटच्या खाली जाऊ नये. यंत्रावर दोन आकडे छापलेले असतात: एक कमाल शक्तीचा व दुसरा सतत मिळणाऱ्या शक्तीचा. मोठ्या अक्षरांत पहिला असतो. खरेदी दुसऱ्यावरून करावी.

केवळ दिवेच लावावयाचे असतील तर जनित्र घेऊच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. घरच्या इन्व्हर्टरची 150 अँपिअर-तासांची बॅटरी चांगल्या स्थितीत असल्यास ती अर्ध्यापर्यंत वापरूनही 200 वॉटचे दिवे तीन-साडेतीन तास चालतात. ती उचलण्यास दोन माणसे लागतात, एवढाच त्रास.

सुट्या जनित्रांत दोन जाती आहेत. जुन्या जातीचे इंजिन दिवा एक असो वा दहा, मिनिटास 3000 फेऱ्यांनीच फिरते. दुसऱ्या, इन्व्हर्टर जातीचे इंजिन भार कमी झाला की मंद होते; त्यामुळे पेट्रोल व आवाज दोन्ही कमी. दोन किलोवॉटच्या आतबाहेरचे असे यंत्र सुमारे 20 किलो भरते व एका हाताने उचलता येते. त्याची किंमत अधिक पडते हे खरे. पण 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 निवासी भागात आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे, आणि आता आपल्या शेताला लागून इमारती उभ्या आहेत. शेजाऱ्याची झोप मोडून केलेली पोपटी गोड लागत नाही.

आमच्याकडील थंडीत पाणी गोठत नाही, म्हणून चोक ओढून दोन-तीन झटक्यांत यंत्र सुरू व्हावे. महाबळेश्वरास नेणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. उंचीवर हवा विरळ असते. दर 300 मीटरमागे शक्ती सुमारे साडेतीन टक्के घटते. तेथील 1,350 मीटर उंचीवर म्हणजे सुमारे पंधरा टक्के तूट येते. हिमालयात जाणाऱ्यांनी तूट याहून मोठी धरावी, इंजिनात थंडीस योग्य असे पातळ तेल घालावे व दोरीने सुरू होणारेच यंत्र घ्यावे, कारण कडाक्याच्या थंडीत बॅटरी दुबळी होते. हीटर चालविण्याच्या आशेने मोठे यंत्र घेऊ नये. एक हीटर हजार ते दोन हजार वॉट खातो. त्यापेक्षा गोधडी स्वस्त.

आता ज्यासाठी आम्ही लेखणी उचलली ती गोष्ट. थंडीत माणूस दारे लावून घेतो, आणि दव पडते म्हणून यंत्रही पडवीत किंवा खोलीत ओढतो. पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्यास रंग नाही, वास नाही. रक्त प्राणवायूपेक्षा त्यास दोनशेपटींहून अधिक आसक्तीने धरते. निजलेला माणूस जागा न होताच जातो. दार-खिडकी उघडी ठेवल्यानेही भागत नाही. खोली, तंबू, मांगर यांपासून निदान 6 मीटरवर, धुराड्याचे तोंड बाहेरच्या दिशेस करून यंत्र ठेवावे. सबब यंत्राबरोबर जाड, चांगली, 15 ते 20 मीटर लांबीची वायरही घ्यावी. ती यंत्राचाच भाग समजावी. दवासाठी वर चारी बाजूंनी उघडे छप्पर पुरते.

दिशेचाही विचार करावा. आपल्या किनाऱ्यालगत संध्याकाळी खारे वारे पश्चिमेकडून येतात, पण रात्र चढली की मतलई वारा सुटून तो जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. संध्याकाळी पूर्वेस ठेवलेल्या यंत्राचा धूर मध्यरात्रीनंतर थेट बिछान्यावर येऊ शकतो. म्हणून निजण्यापूर्वी यंत्र बंद करावे हेच उत्तम. पोपटीच्या पेंढ्यापासूनही ते दूर असावे, आणि पेट्रोल भरणे ते इंजिन थंड झाल्यावरच.

शेतघरात वीजजोडणी असेल तर जनित्राची वायर भिंतीतील सॉकेटमध्ये कदापि खुपसू नये. उलटी गेलेली वीज खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव घेते. इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा.

हंगाम संपल्यावर, होळीपूर्वी, टाकी व कार्बोरेटर दोन्ही रिकामी करावी. हल्लीच्या पेट्रोलात 20 टक्के इथेनॉल असते. ऊसवाल्यांस त्याने भाव मिळो, पण ते हवेतील पाणी ओढून घेते, आणि चार महिने साठून राहिले तर कार्बोरेटर खराब करते. यंत्र घेताना 20 टक्के इथेनॉल चालेल असे लिहिलेले आहे की नाही, हे दुकानातच पाहून घ्यावे.