कारखाना हिरवा होताना कामगाराचं काय?

प्रश्न : मी चोपड्यात जिनिंग-प्रेसिंगमध्ये काम करतो. मालक म्हणतात, वीज वाचवू. युनियनने साथ द्यावी का? उद्या माणसंच कमी केली तर? – एक कामगार, चोपडा

उत्तर : साथ जरूर द्या, पण बोलणी लेखी ठेवा. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार 100 किंवा अधिक कामगार असतील, तर सरकार मालकाला अशा बोलण्यांसाठी मालक-कामगारांची कार्य समिती नेमायला लावू शकत होतं. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही ही तरतूद आहे. समितीत कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी नसावेत. तुम्ही संख्येने कमी असाल, तरी आपखुशीने अशी समिती करता येते.

आधी रोजचे मीटरचे आकडे आणि गाठींची संख्या एकाच वहीत लिहा. एका गाठीला किती युनिट लागतात हे कळलं, तरच बचत मोजता येते. मग शेडमध्ये फेरी मारा. कापूस ओढणाऱ्या पाइपच्या सांध्याजवळ रुईचा पुंजका धरा. तो चिकटला, तर तिथून हवा शिरतेय आणि पंखा फुकट वीज खातोय. ढिला पट्टा, कापूस नसताना फिरणारी जिन, हे साहेबांआधी तुम्हालाच दिसतं. कापसाच्या धुळीने वर्षानुवर्षांत बिसिनोसिस हा फुफ्फुसाचा आजार होऊ शकतो. म्हणून धूळही चर्चेत आणा.

करारात तीन गोष्टी हव्यातच : बचतीपायी कुणाला काढणार नाही, नव्या यंत्राचं प्रशिक्षण हंगामी कामगारांनाही मिळेल आणि वाचलेल्या पैशांतला ठरलेला वाटा धूळ आवरण्यावर खर्च होईल. कामगाराच्या पोटावर पाय देऊन झालेली बचत टिकत नाही.