मल्लिगे ते मोली : सुगंधी चहाची ओळख

प्रास्ताविक

बंगळूरच्या बसवनगुडी भागात ‘मल्लिगे’ या नावाने जे फूल विकले जाते, तो आपला मोगरा होय. हे फूल आपण देवाला वाहतो, केसांत माळतो. चीनमध्ये याच फुलाने चहा सुगंधित करतात. आपल्या बाजारात मात्र ‘जास्मिन टी’ या एकाच नावाखाली अनेक प्रकारचे चहा मिळतात आणि त्यांच्या किमतींत मोठी तफावत असते. ही तफावत कशामुळे पडते व ग्राहकाने चहाची पारख कशी करावी, हे या पाठात आपण पाहणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• मोगरा व त्याच्या जातकुळीतील इतर फुले यांतील फरक सांगू शकाल;
• चहा सुगंधित करण्याची कृती क्रमाने सांगू शकाल;
• वेष्टनावरील मजकूर वाचून चहाचा प्रकार ओळखू शकाल.

मूळ पाठ

(अ) एक नाव, अनेक फुले

‘बसव’ म्हणजे नंदी आणि ‘गुडी’ म्हणजे देऊळ. केंपेगौडांनी सोळाव्या शतकात उभारलेल्या नंदीच्या देवळावरून बसवनगुडीला हे नाव मिळाले. येथील गांधी बाजार फुलांसाठी प्रसिद्ध आहे. माळ मोजण्याची तेथील मापे शरीराचीच आहेत. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतची लांबी म्हणजे ‘मोळ’ आणि पसरलेल्या दोन्ही हातांची लांबी म्हणजे ‘मारु’. मराठीत यांनाच आपण ‘हात’ आणि ‘वाव’ म्हणतो.

इंग्रजीतील ‘जास्मिन’ या एका शब्दात मराठीतील अनेक फुले सामावतात. जाई, जुई, कुंद, मोगरा ही सारी एकाच कुळातील फुले. पण प्रत्येकाची पाकळी वेगळी, गंध वेगळा. कन्नड भाषेतही जाजी, सूजी मल्लिगे, दुंडु मल्लिगे असे भेद आहेत. दुंडु म्हणजे गोल. गोल कळीचा मोगरा तो दुंडु मल्लिगे. कर्नाटकात या फुलाचे स्थान इतके जिव्हाळ्याचे आहे, की कवी के. एस. नरसिंहस्वामी यांच्या १९४२ सालच्या गाजलेल्या काव्यसंग्रहाचे नावच ‘मैसूर मल्लिगे’ आहे.

सुगंधी चहासाठी मुख्यतः मोगराच वापरतात. हे फूल फार पूर्वी बाहेरून चीनमध्ये गेले. चिनी भाषेतील त्याचे ‘मोली’ हे नाव संस्कृत ‘मल्लिका’ या शब्दावरून आले, असे भाषेचे अभ्यासक मानतात. कन्नड ‘मल्लिगे’ही त्याच शब्दाचे रूप होय. फुलाबरोबर त्याच्या नावानेही असा प्रवास केला.

(आ) कळी आणि वेळ

मोगऱ्याच्या मिटलेल्या कळीला फारसा वास नसतो. कळी उमलू लागली, की गंधद्रव्ये हवेत पसरतात आणि हे उमलणे बहुधा संध्याकाळनंतर होते. म्हणूनच फूलवाली सकाळी टपोऱ्या, पांढऱ्या, मिटलेल्या कळ्या निवडते. दिवसा गुंफलेली माळ संध्याकाळी घमघमते. कळी आधीच उमलली, तर मालाचे मोल उतरते. फूलवालीची त्या दिवसाची कमाई अशी काही तासांवर अवलंबून असते.

चहा करणाऱ्या कारागिराचे गणितही हेच. फरक एवढाच, की फूलवालीने राखलेला गंध वाऱ्यावर जातो. कारागीर तो चहाच्या पानांत साठवतो.

(इ) चहा सुगंधित होतो तो असा

चीनच्या फूच्येन प्रांतातील फूचौ हे शहर या कलेचे जुने केंद्र आहे. २०१४ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने तेथील मोगरा व चहा यांच्या शेतीला जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशाचा मान दिला. मोगऱ्याची मोठी लागवड आज क्वांगशी प्रदेशातील हेंगचौ येथेही होते.

वसंतात खुडलेला चहा वाळवून जपून ठेवतात, कारण मोगऱ्याचा बहर उन्हाळ्यात येतो. दिवसा तोडलेल्या कळ्या संध्याकाळी उमलू लागल्या, की त्या चहात मिसळून ढीग करतात. कोरडा चहा गंध व ओलावा शोषून घेतो. फुले जिवंत असल्यामुळे ढीग तापतो. मग तो पसरून निववतात व पुन्हा गोळा करतात. सकाळी निस्तेज फुले चाळून काढतात आणि चहा पुन्हा सुकवतात. उत्तम चहासाठी दर वेळी ताजी फुले घेऊन ही कृती अनेकदा करावी लागते. जितके हात फुलांचे, तितका चहा महाग.

(ई) प्रमुख प्रकार

१. मूळ चहानुसार : बहुतेक सुगंधी चहा हिरव्या चहापासून करतात. पांढरा, ऊलाँग व काळा चहाही वापरला जातो.
२. पानाच्या आकारानुसार : सुटी पाने, हाताने वळलेले गोल ‘मोती’, जे गरम पाण्यात हळूहळू उलगडतात, आणि लव असलेल्या कोवळ्या अंकुरांची ‘रुपेरी सुई’.
३. गंध देण्याच्या पद्धतीनुसार : ताज्या फुलांच्या सहवासात सुगंधित केलेला आणि वरून अर्क किंवा स्वाद मिसळलेला.

(उ) पारख आणि पेय

चहात वाळक्या पाकळ्या दिसल्या म्हणजे तो उंची, असा समज आहे. तो बरोबर नाही. गंध देऊन झालेल्या फुलांत फारसे काही उरत नाही. पुष्कळदा ती केवळ शोभेसाठी असतात. म्हणून वेष्टनावरील घटकांची यादी वाचावी. स्वाद वरून मिसळला असेल, तर तसे छापणे भारतात नियमाने आवश्यक आहे. असा चहा वाईट असतो असे नाही. परंतु फुलांच्या चहाचे दाम त्याला देऊ नये. फुलांचा गंध साधारणतः दुसऱ्या-तिसऱ्या पाण्यातही मंदपणे टिकतो. वरून दिलेला बहुधा पहिल्याच पेल्यात सरतो.

हा चहा उकळू नये. सुमारे ८० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात दोन-तीन मिनिटे ठेवावा व दुधाविना घ्यावा.

शब्दार्थ

तफावत – फरक
वेष्टन – वस्तूभोवतीचे आवरण
निववणे – थंड करणे
निस्तेज – टवटवी गेलेले
लव – बारीक, मऊ केस
पारख – गुणदोषांची परीक्षा

पाठगत प्रश्न

१. ‘मारु’ या मापाला मराठीत ____ म्हणतात.
२. चिनी ‘मोली’ हे नाव कोणत्या संस्कृत शब्दावरून आले, असे मानतात?
३. फूलवाली मिटलेल्या कळ्या का निवडते?

पाठान्त प्रश्न

१. फूलवाली आणि चहाचा कारागीर यांच्या कामातील साम्य व फरक आपल्या शब्दांत लिहा.
२. ‘जितके हात फुलांचे, तितका चहा महाग’ हे विधान स्पष्ट करा.
३. उपक्रम : घरातील कोणत्याही सुगंधी पदार्थाच्या वेष्टनावरील घटकांची यादी वाचा. गंध मूळ वस्तूचा आहे की वरून मिसळलेला, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.