नारळ उभा राहिला, बोअर कोरडा गेला

सोसायटीचा बोअर कोरडा गेला आणि खापर फुटलं माझ्यावर! ‘साहेबांनी शंका घेतली, म्हणून पाणी सरकलं,’ असं जागा दाखवणारा पाणाड्या सगळ्यांसमोर म्हणाला आणि अहिल्यानगरच्या सावेडीतल्या माझ्याच शिकल्यासवरल्या शेजाऱ्यांनी माना डोलावल्या. वाया गेलेल्या पैशापेक्षा त्या माना मला जास्त लागल्या.

शंका घेतली म्हणजे काय केलं? तळहातावर नारळ आडवा ठेवून तो पार्किंगमध्ये फिरत होता. जिन्याजवळ नारळ टुणकन उभा राहिला. मी म्हटलं, ‘आता डोळ्यांना पट्टी बांधतो, पुन्हा तीच जागा दाखवा.’ झालं! नारळ पिशवीत गेला, ‘देवाची परीक्षा घेत नसतात’ असं ऐकवलं आणि अध्यक्षांनी मलाच गप्प केलं. पट्टी नाकारणारा डोळ्यांनीच जागा निवडतो, हे मला तिथेच उमगलं.

आडव्या नारळाला उभं राहायला बोटांची नकळत झालेली हालचाल पुरते. धरणारा लबाड असेलच असं नाही. त्यालाही ती जाणवत नाही. कार्पेंटर या इंग्रज शास्त्रज्ञाने हे 1852मध्येच मांडलंय. जर्मनीत 1987-88मध्ये निवडक 43 पाणाड्यांच्या 843 चाचण्या झाल्या. खाली पाण्याचा पाइप सरकवायचा, त्यांनी वरच्या मजल्यावरून ओळखायचा. पुढे जिम एनराइट या शास्त्रज्ञाने ते आकडे तपासले; अंदाजपंचे सांगण्यापलीकडे काही निघालं नाही.

‘मग शेतात पाणी लागतं ते?’ लागतं की! आपल्या काळ्या खडकावरच्या मुरमात, भेगांत पाणी साठतं. पाऊस बरा झाला की पुष्कळ ठिकाणी लागतं. लागलेला बोअर गावभर सांगतात, कोरडा कोण सांगतो?

तेव्हा, किती फुटांवर थांबायचं ते बोअरची गाडी येण्याआधी सोसायटीच्या इतिवृत्तात लिहून घ्या. पैसे फुटावर मोजतात. आमच्याकडे नुसता फुफाटा उडत होता, तरी ‘अजून पन्नास फूट’ चालूच! पाणाड्या आणि गाडीवाला जुने दोस्त निघाले तर सावध व्हा. शेजारच्या बोअरची चौकशी मे महिन्यात करा, ऑगस्टमध्ये नको. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं कार्यालय अहिल्यानगरातच आहे. भूवैज्ञानिकही शक्यताच सांगतो, पण चुकला तर तुमच्या शंकेवर ढकलत नाही. घाई करू नये, चारचौघांना विचारावं, हे तर आहेच.

आपल्याच जिल्ह्यातलं हिवरे बाजार हे गाव पाण्याचा ताळेबंद मांडतं, शेतीला बोअर घेऊ देत नाही. आमच्या गच्चीवरचं पावसाचं पाणी मात्र गटारात जातं आणि अध्यक्ष दुसरा पाणाड्या शोधताहेत. त्याची वर्गणी मी देणार नाही.