सोसायटीचा पोहण्याचा तलाव उन्हावर तापेल का?

प्रश्न : आमच्या सोसायटीत पोहण्याचा तलाव आहे. दिवाळी उलटली की पाणी इतके गार पडते की मुले उतरत नाहीत. आम्हा ज्येष्ठांना गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी पोहायला सांगितले आहे, पण मार्चपर्यंत तेही बंद. इमारत आठ मजली आहे आणि गच्चीवर आंघोळीच्या पाण्याचे सोलर आहेत. दुपारी त्यातले कढत पाणी तसेच पडून असते. ते तलावात सोडले तर चालेल का? की तलावासाठी वेगळे सोलर लागेल? एका विक्रेत्याने काचेच्या पॅनेलचे दरपत्रक दिले आहे, दुसऱ्याने काळ्या रबरी नळ्यांच्या चटईचे. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : तलाव उन्हावर नक्की तापतो. जर्मनीतले कितीतरी उघडे सार्वजनिक तलाव असेच तापवले जातात आणि ऑस्ट्रेलियात घराच्या छपरावरच्या काळ्या पट्ट्या ही नेहमीची गोष्ट आहे. पुण्याची हिवाळ्यातली स्वच्छ, कोरडी, उन्हाची दुपार या कामाला जर्मनीपेक्षा कितीतरी सोयीची आहे. मात्र तुमच्या दोन्ही दरपत्रकांत बहुधा नसलेली एक वस्तू या सगळ्यात महत्त्वाची आहे. तिच्याकडे येतोच, आधी आकडे मांडू.

तुम्ही तलावाची मापे दिलेली नाहीत. सोसायट्यांमध्ये दिसणारा १२ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल तलाव धरतो. त्यात ९० हजार लिटर पाणी मावते. एवढे पाणी फक्त १ अंशाने तापवायला साधारण १०५ युनिट उष्णता लागते. दोन किलोवॉटचा गिझर दोन दिवसांहून अधिक सलग चालवला, तर एवढी उष्णता मिळेल. आता आंघोळीच्या सोलरकडे पाहा. ३०० लिटरच्या टाकीतले ६० अंशांचे सगळे पाणी २० अंशांच्या तलावात ओतले, तर तलाव तापेल ०.१३ अंशाने. अशा आठ टाक्या रोज रिकाम्या केल्या तरी जेमतेम १ अंश. शिवाय तेवढेच गाळलेले, क्लोरीन घातलेले पाणी तलावातून बाहेर जाणार आणि त्याच्या जागी बोअरचे किंवा टँकरचे जड पाणी येणार. त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे.

पण उद्दिष्ट फार मोठे नाही. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत उघड्या तलावाचे पाणी २०-२२ अंशांच्या आसपास असते. स्पर्धांसाठीच्या तलावाला आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे २५ ते २८ अंश लागतात. लहान मुले आणि तुमच्यासारखे सावकाश पोहणारे यांना २८-२९ बरे वाटते, कारण पाणी शरीराची उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने ओढून घेते. २२ अंशांची हवा सुखद वाटते आणि २२ अंशांच्या पाण्यात दात वाजतात, ते यामुळेच. म्हणजे आपल्याला पाणी कढत करायचे नाही. खूप पाणी थोडेसे, सहा-सात अंशांनी, वर न्यायचे आहे. कोणते सोलर घ्यावे हे याच गोष्टीवर ठरते.

आंघोळीच्या सोलरला काच, मागे उष्णतारोधक थर आणि खास लेप लागतो, कारण त्यातले पाणी ६० अंशांचे आणि बाहेरची हवा २०-२५ अंशांची. एवढ्या फरकामुळे उष्णता सतत निसटू पाहते, तिला कोंडून ठेवावे लागते. तलावाचे पाणी २४ अंशांचे असताना जानेवारीतल्या पुण्याची दुपार २८ ते ३० अंशांची असते. इथे कोंडून ठेवायचे काही नाहीच, उलट हवाच पाण्याला थोडी उष्णता देते. काच मात्र आपल्यावर पडलेल्या उन्हाचा सुमारे दहावा हिस्सा अडवते. म्हणून या कामापुरती काळ्या रबराची किंवा पॉलिप्रॉपिलिनची साधी चटई, म्हणजे अगदी बारीक नळ्या एकमेकींना जोडून केलेला पट्टा, चौरस मीटरमागे काचेच्या पॅनेलची बरोबरी करते, बहुधा वरचढच ठरते, आणि स्वस्तही पडते. क्लोरीनचे पाणी तांब्याच्या नळ्यांतून थेट फिरवणे तसेही नको. पाण्याचा आम्लपणा जरा वाढला की तांबे विरघळते आणि फरशीवर हिरवट-निळे डाग पडतात. परदेशात सोनेरी केसांच्या पोहणाऱ्यांचे केस हिरवे होतात, तेही या तांब्यामुळे. लोक उगाच क्लोरीनला दोष देतात. बोअरच्या पाण्याचा क्षार ६० अंशांवर जितका धरतो तितका २६ अंशांवर धरत नाही, हा चटईचा आणखी एक फायदा. तुमच्या दुसऱ्या विक्रेत्याची वस्तू योग्य आहे.

चटई किती लागेल? तलावाच्या पृष्ठभागाच्या निम्म्यापासून पूर्ण क्षेत्रफळापर्यंत, हे जगभर चालणारे माप आहे. ७२ चौरस मीटरच्या तलावाला ६० चौरस मीटर धरू. हिवाळ्यात दक्षिणेकडे तोंड करून साधारण ३३ अंशांच्या उताराने बसवली, तर चांगल्या दिवशी तिच्यावर चौरस मीटरमागे साडेपाच युनिट ऊन पडेल. त्यातले ६० टक्के पाण्यात उतरले, तर रोज सुमारे २०० युनिट. म्हणजे जवळपास १.९ अंश. त्यासाठी तासाला १५ हजार लिटर पाणी फिरवावे लागेल, आणि सहा तासांत सगळा तलाव एकदा चटईतून जाऊन येईल. परतीच्या पाइपला हात लावला, तर पाणी जेमतेम दोन अंशांनी गरम लागेल. पुष्कळ सोसायट्या इथे घाबरतात, यंत्रणा चालत नाही असे समजून प्रवाह कमी करतात. मग पाणी हाताला गरम लागते खरे, पण चटई तापून आपली उष्णता हवेत सोडू लागते आणि तलावाला कमी मिळते. कोमट परतीचे पाणी हेच यंत्रणा नीट चालल्याचे लक्षण आहे, हे वॉचमनपासून सेक्रेटरींपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवा.

आता ती राहिलेली वस्तू. पुण्याच्या कोरड्या हिवाळी हवेत उघड्या तलावातून रोज सुमारे ४ मिलिमीटर पाणी उडून जाते असे धरू. डोळ्यांना ते दिसतही नाही. पण ७२ चौरस मीटरवर ते होते २८८ लिटर, आणि प्रत्येक लिटर वाफ होताना मागच्या पाण्यातून जवळजवळ ०.६८ युनिट उष्णता घेऊन जाते. माठ ज्या कारणाने गार होतो त्याच कारणाने तलाव गार होतो. हिशेब करा : दिवसाला सुमारे १९६ युनिट. ६० चौरस मीटरची चटई दिवसभरात जे कमावते, जवळजवळ तेवढेच बाष्पीभवन एकटे उडवून टाकते. उघड्या तलावाच्या एकूण उष्णताहानीत ७० टक्क्यांच्या आसपास वाटा बाष्पीभवनाचा असतो. उरलेली हानी मुख्यतः निरभ्र रात्री आकाशाकडे जाणाऱ्या उष्णतेची आणि वाऱ्याची.

म्हणून तलावाला कव्हर हवे. हवेचे बुडबुडे असलेले जाड, निळसर पारदर्शक प्लास्टिक तलावाच्या मापाने कापून पाण्यावर पसरायचे. ते असेपर्यंत बाष्पीभवन जवळजवळ थांबते, आणि पारदर्शक असल्याने दिवसा ऊनही आत शिरते. तलाव स्वतःच एक मोठा सौर संग्राहक आहे हे आपण विसरतो. त्यावर पडलेल्या उन्हाचा बहुतेक भाग तो शोषून घेतोच. रात्री तो उडू दिला नाही, तर चटई नसतानाही काही अंशांचा फरक पडतो. पोहण्याच्या वेळा सकाळी तीन तास आणि संध्याकाळी तीन तास असतील, तर उरलेले १८ तास कव्हर राहू शकते. पाण्याचीही बचत होते : महिन्याला साडेआठ हजार लिटर उडून जाते, त्यातला मोठा हिस्सा वाचतो. टँकर मागवणाऱ्या सोसायटीला याचे मोल वेगळे सांगायला नको.

याच कव्हरबद्दल एक गोष्ट मी कळकळीने सांगतो. कव्हर अर्धवट काढून कोणालाही पाण्यात उतरू देऊ नका. लहान मूल कव्हरखाली गेले तर ते वरून दिसत नाही, आणि त्याला वर येता येत नाही. पोहण्याआधी पूर्ण गुंडाळायचे, मगच कुंपणाचे दार उघडायचे. त्यासाठी हाताने फिरवायचा रूळ मिळतो, दोन माणसांना काही मिनिटे लागतात. ती दोन माणसे रोज कोण असतील हे ठरल्याशिवाय कव्हर घेऊ नका, कारण न पसरलेल्या कव्हरचा काही उपयोग नाही.

तुमची इमारत आठ मजली आहे, तेव्हा गच्चीबद्दल थोडे थांबून बोलायला हवे. एक-दोन मजली बंगल्यात तलावाचाच फिल्टर पंप पाणी छपरावर चढवतो, कारण नळी भरली की उतरणारे पाणी चढणाऱ्या पाण्याला ओढून घेते आणि पंपाला फक्त घर्षणाशी झगडावे लागते. पण ही ओढ ९-१० मीटरपर्यंतच चालते. त्याहून उंच गेले की वर निर्वात पोकळी तयार होते, धार तुटते आणि मऊ नळ्या चपट्या होऊ शकतात. आठ मजले म्हणजे सुमारे २४ मीटर. तिथे फिल्टरचा पंप पुरणार नाही. वेगळा पंप लावला, तर सहा तासांना १२ युनिटच्या आसपास वीज खर्च होईल. दुसरा मार्ग म्हणजे गच्चीपर्यंत बंद नळीतून स्वतंत्र पाणी फिरवायचे आणि खाली उष्णता विनिमयकातून त्याची उष्णता तलावाला द्यायची. दोन्ही जमते, खर्च वाढतो. त्यापेक्षा क्लबहाउसचे छप्पर किंवा पाच-सहा गाड्यांची पार्किंग शेड मिळते का पाहा. चटई हलकी असते, पण वळवाच्या वाऱ्यात उडू नये म्हणून पट्ट्यांनी घट्ट बांधावी लागते.

शेड निवडताना सावली तपासा, आणि तीही डिसेंबरातली. २२ डिसेंबरला पुण्यात भर मध्यान्हीही सूर्य क्षितिजापासून फक्त ४८ अंशांवर असतो. २४ मीटर उंच इमारतीची सावली तेव्हा उत्तरेकडे २१ मीटरपेक्षा लांब पडते. इमारतीच्या उत्तरेला बांधलेला तलाव हिवाळाभर सावलीत राहतो, आणि शेजारच्या क्लबच्या मोकळ्या तलावापेक्षा जास्त गार असतो. बांधकामाच्या आराखड्यात हे कोणी पाहत नाही, याची खंत वाटते. तुमचा तलाव असा असेल, तर पारदर्शक कव्हरमधून मिळणारी दिवसाची कमाई सोडून द्या. रात्रीची बचत तरीही मिळेल.

गच्चीवर सोसायटीचे वीज तयार करणारे सोलर पॅनेल आधीच असेल, तर माझे मत बदलेल. ६० चौरस मीटरवर सुमारे १२ किलोवॉटचे पॅनेल बसते, ते रोज ४८ युनिटच्या आसपास वीज देते. ती हीट पंपाला दिली, तर तो हवेतली उष्णता ओढून तिच्या चौपट, म्हणजे सुमारे १९० युनिट उष्णता पाण्यात टाकतो. चटईइतकीच! फरक एवढा की चटई मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत रिकामी राहते, आणि पॅनेलची वीज वर्षभर लिफ्टला, जिन्यातल्या दिव्यांना, पाण्याच्या पंपाला लागते. शिवाय विजेची तार आठ मजले चढवायला काही कष्ट नाहीत. पॅनेल असेल तर हीट पंप घ्या. सगळेच नव्याने आणि फक्त तलावासाठी करायचे असेल, तर चटई घ्या. काचेचे पॅनेल या कामासाठी नको. विदर्भातल्या वाचकांना मात्र चटईचा उन्हाळ्यातही उपयोग आहे : मे महिन्यात रात्री पंप चालवला, तर तीच चटई उष्णता आकाशाकडे सोडून तलाव थोडा थंड करते. कोकण किनाऱ्यावर आणि गोव्यात हिवाळी रात्री उबदार असल्याने बहुतेक ठिकाणी नुसते कव्हर पुरावे.

काही बदल तर पैसे न खर्चता होतात. कारंजे किंवा धबधबा असेल, तर तो हिवाळ्यात बंद ठेवा. उडणारे पाणी फार वेगाने गार होते. ज्येष्ठांची वेळ सकाळी सहाऐवजी दुपारी चार-पाचची करा, तेव्हा तलाव दिवसातला सर्वांत उबदार असतो.

वार्षिक सभेआधी एवढे करा. एक तरंगता थर्मामीटर घ्या. डिसेंबरचे पहिले दोन आठवडे रोज संध्याकाळी पाच आणि सकाळी सहा वाजता पाण्याचे तापमान वहीत लिहा. नंतरचे दोन आठवडे रात्री कव्हर घालून पुन्हा लिहा. रात्रीची घट किती कमी झाली ते त्या वहीत दिसेल, आणि उरलेल्या घटीवरूनच किती चौरस मीटर चटई लागेल हे ठरवता येईल. तोवर कोणत्याही दरपत्रकावर सही करू नका.